आधी कोणत्या खाटेकडे?

दुपारची ड्युटी सुरू झाली आहे आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या वाट्याला चार रुग्ण आले आहेत. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन काल झालंय. तो घंटा वाजवतोय आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात 'सिस्टर, दुखतंय हो, किती वेळ!' म्हणतोय. दुसऱ्या बाईंची शुगर २८०. तिसरे आजोबा सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे, जुने रुग्ण. त्यांच्या बोटावरचा ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन ८९ टक्के दाखवतोय. चौथ्याचं सकाळी पोटाचं ऑपरेशन झालं. तो गप्प पडून आहे, काही मागत नाही.

नवशिक्या नर्सचे पाय आपोआप आवाजाकडे वळतात. आवाज नसेल तर सगळ्यांत वाईट दिसणाऱ्या आकड्याकडे. दोन्ही वेळा चौथा मागे राहतो, आणि आधी गाठायला हवा तो तोच.

त्याच्या नोंदी बघा. सकाळी दहाला नाडी ७८, बीपी ११८/७६, श्वास १४. बाराला नाडी ९६, बीपी ११६/८२, श्वास १८. आता दोनला नाडी ११२, बीपी ११२/८८, श्वास २२. शेवटची ओळ एकटी वाचली तर फार दचकायला होत नाही. बीपीचा वरचा आकडा तर उत्तमच. तिन्ही ओळी एकाखाली एक वाचल्या की मात्र गाडं कुठे चाललंय ते कळतं.

पोटात आतल्या आत रक्तस्राव होत असेल तर शरीर तो बराच वेळ झाकून ठेवतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाब ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं असतात. दाब जरा उतरला की ती मेंदूला कळवतात. मग हृदयाचे ठोके वाढतात, त्वचेच्या आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि उरलेलं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवलं जातं. वाहिन्या आवळल्याने बीपीचा खालचा आकडा चढतो. या रुग्णात दोन आकड्यांमधलं अंतर सकाळी ४२ होतं, ते २४ वर आलंय. ७० किलोच्या माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं, आणि त्यातलं पाऊण ते दीड लिटर गेलं तरी वरचं बीपी जवळपास जागच्या जागी राहू शकतं. ते कोसळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांचं तर आणखी अवघड, कारण त्यांची नाडीही म्हणावी तशी वाढत नाही. तिथे थंड पडलेले हात, कमी झालेली लघवी आणि उगाचची अस्वस्थता यांवरून ओळखावं लागतं.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये 'न्यूज' नावाची गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, भान, तापमान अशा नोंदींना गुण द्यायचे. बेरीज ५ झाली की तातडीने तपासणी, ७ झाली की आणीबाणी. आपल्या रुग्णाला नाडीचे २ आणि श्वासाचे २ मिळतात. बाकी सगळं ठीक असेल तर बेरीज ४, म्हणजे कागदावर तो अजून कमी धोक्याच्या गटातच. ही पद्धत वाईट नाही, थकलेल्या डोळ्यांतून निसटलेलं ती पकडते. पण बेरीज फक्त आत्ताच्या आकड्यांची असते, सकाळचे आकडे नर्सनेच लक्षात ठेवायचे असतात. 'न्यूज'च्या मार्गदर्शनातही गुण हे निर्णयाला मदत म्हणून आहेत, निर्णयाच्या जागी नाहीत, असंच सांगितलंय.

आजोबांचं ८९ उलट बाजूने शिकवतं. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो अशा सीओपीडीच्या रुग्णांसाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य धरतात. तसं त्यांच्या फाइलीत डॉक्टरांनी लिहिलं असेल आणि दम नेहमीइतकाच असेल, तर हा आकडा त्यांचा रोजचा. घाईने भरमसाट ऑक्सिजन लावला तर अपायच व्हायचा. शुगर २८० असलेल्या बाईंना उलट्या नाहीत, गुंगी नाही, तर त्यांना इन्सुलिन वेळेवर मिळालं की झालं. तीच शुगर ५० असती तर क्रम पार बदलला असता, कारण साखरेवाचून मेंदू फार वेळ काढू शकत नाही.

आणि ओरडणारा? पूर्ण वाक्यं बोलणाऱ्याचा श्वासमार्ग मोकळा आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय, एवढं तरी नक्की. म्हणून त्याचं दुखणं खोटं ठरत नाही. जाता जाता पायाची बोटं हलवायला सांगावं, बधिर वाटतं का विचारावं. औषध देऊनही वाढत जाणारी वेदना आणि बधिरपणा म्हणजे स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्याचं लक्षण असू शकतं. तसं नसेल तर वेदनाशामकाचं सहकारी नर्सला सांगून पुढे निघावं.

चौथ्याजवळ पोचल्यावर मनगट हातात घ्यायचं आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, नाडी मोजतोय असं दाखवत. मोजणी कळली की माणूस श्वास बदलतो. अंदाजाने '१८' लिहून टाकण्याची सवय सगळीकडे आहे आणि ती घातक आहे, कारण बिघाडाची चाहूल बऱ्याचदा श्वासातच आधी लागते. मग नख दाबून रंग परतायला किती वेळ लागतो ते पाहायचं. दोन सेकंदांहून जास्त लागला तर लक्ष द्यायचं. ड्रेसिंग वरून कोरडं दिसलं तरी कुशीखाली, पाठीखाली हात घालून बघायचं, रक्त उताराकडे जातं. ड्रेनच्या, म्हणजे जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, पिशवीत काही नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, नळीत गुठळी अडकलेली असू शकते.

इथे मोह होतो तो एका वाक्याचा: 'ऑपरेशन झालंय, दुखत असेल, म्हणून नाडी वाढली.' वाक्य खोटं नाही, पण ते सुचलं की शोध थांबतो. दुखण्याने नाडी वाढेल. पण लघवीही तासाला ३० मिलिलिटरच्या खाली गेली असेल तर ती का, ते त्याने सुटत नाही.

नर्सिंगच्या अभ्यासक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये नर्सच्या निर्णयाचे चार भाग मांडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं, मागे वळून तपासणं. पहिलाच सगळ्यांत कठीण. काय असायला हवं हे ठाऊक असेल तरच काय बिघडलंय ते दिसतं. त्याच क्षेत्रातल्या पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की नवशिकी नर्स नियम धरून चालते आणि अनुभवी नर्स एकूण चित्र ओळखते. विद्यार्थ्यांना ही जादू वाटते, पण शेकडो रुग्ण पाहून बसलेली ती ओळख असते. तोवर मागच्या तीन नोंदी वाचूनच रुग्णाकडे जायचं, एवढी सवय बरंच काम करते.

मग फोन. 'रुग्ण बरा वाटत नाही' असं सांगून काही होत नाही. 'सर, सकाळी पोटाचं ऑपरेशन झालेले चार नंबरचे रुग्ण. चार तासांत नाडी ७८ वरून ११२, श्वास १४ वरून २२, हात गार, लघवी तासाला २५. मला आत रक्तस्राव वाटतो. तुम्ही आत्ता येऊन बघावं.' काय चाललंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, काय हवंय, हा क्रम अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आला. पलीकडून 'लक्ष ठेवा' एवढंच उत्तर आलं तर विचारावं, 'नाडी किती झाली की पुन्हा फोन करू?' तो आकडा वेळेसह नोंदवहीत लिहायचा, दर १५ मिनिटांनी मोजायचं, आणि तरीही मन मानत नसेल तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना खाटेपाशी बोलावून घ्यायचं.