छत्रपती संभाजीनगरमधील सार्वजनिक हौद व कारंजी

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या मराठवाड्यातील सर्वांत मोठ्या शहराच्या मध्यवस्तीत पाणी उघड्यावर खेळवण्याची परंपरा सुमारे चारशे वर्षांची आहे. जुन्या शहरातील कारंजी स्वतंत्रपणे उभारलेली नव्हती. डोंगराकडून नहरींनी (बांधीव जलवाहिन्यांनी) आलेले पाणी ज्या हौदात साठे, त्याच हौदात ती उडत, आणि हौद मुळात पिण्यासाठी, वापरण्यासाठी व वजूसाठी (नमाजापूर्वी हात-पाय-तोंड धुण्यासाठी) असे. आज चौकांत आणि उद्यानांत दिसणारी कारंजी पंपावर चालतात. त्यांचा शहराच्या पाणीपुरवठ्याशी संबंध एवढाच, की त्यांची टाकी कुठल्या तरी नळाने, बोअरने किंवा टँकरने भरावी लागते. या नोंदीत मुख्य भर जुन्या व्यवस्थेवर आहे, कारण शहराने पाण्याबाबत केलेले सर्वांत शहाणपणाचे काम तेच आहे.

नहरी

अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी येथे, म्हणजे आजच्या याच शहराच्या जागी, राजधानी वसवली. खाम नदी जवळून वाहते, पण ती बारमाही भरवशाची नाही. उत्तरेला मात्र डोंगररांग आहे आणि तिथून शहराकडे जमीन उतरत येते. दख्खनच्या या भागात काळ्या पाषाणाच्या वरच्या, झिजलेल्या थरात पावसाचे पाणी मुरते आणि हळूहळू खाली सरकत राहते. मलिक अंबरने हेच पाणी जमिनीखालीच अडवून, बांधीव भुयारातून आणि पुढे खापरी नळांतून शहरात आणले. हरसूलच्या बाजूने येणारी ही नहर ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने ओळखली जाते. वाटेत ठरावीक अंतरावर मनुष्याला उतरता येईल अशी विवरे ठेवली होती, त्यामुळे गाळ काढता येई आणि कोंडलेली हवाही बाहेर पडे. शहरालगत गायमुख येथे पाणी वर घेऊन त्याच्या वाटण्या केल्या जात. बुऱ्हाणपूरची भूमिगत जलव्यवस्थाही साधारण त्याच काळातली आणि त्याच जातीची आहे.

मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत, १६५३ मध्ये, शहराला औरंगाबाद हे नाव मिळाले आणि लोकवस्ती झपाट्याने वाढली. तिच्याबरोबर नहरीही वाढत गेल्या: पाणचक्कीची नहर, बेगमपुऱ्याची नहर, थत्ते नहर अशी नावे आजही जुन्या लोकांच्या तोंडी आहेत. बेगमपुऱ्यातील थत्ते हौद त्यांपैकी एका नहरीची खूण आहे.

कारंजे उडते कसे

बंद नळातले पाणी आपल्या उगमाची पातळी गाठू पाहते. उगम उंचावर आणि हौद खाली असेल, तर नळाचे तोंड उघडताच पाणी आपोआप वर उसळते. नळातील घर्षणामुळे आणि हवेच्या विरोधामुळे ते उगमाइतके उंच जात नाही, पण तोंड अरुंद केले की धार नेटकी आणि जोरकस होते. बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की होते तसेच. नहरींच्या वाटेवर बांधलेले उंच मनोरे हा दाब सांभाळत. पाणी मनोऱ्यात वर चढे, तिथे हवा सुटे, आणि दुसऱ्या नळाने ते पुढच्या टप्प्याकडे उतरे. एका लांब नळावर सगळा दाब येऊन खापर फुटण्याऐवजी तो टप्प्याटप्प्याने वाटला जाई.

यातून एक गोष्ट आपोआप साधत असे. हौदातले कारंजे पुरेसे उडत असेल तर नहर वाहती आहे, हे बाजारातल्या कोणालाही कळे. धार बसली की वर कुठे तरी गाळ साचला, नळ फुटला किंवा डोंगरातले पाणी ओसरले. आजच्या शहरात टाकीत किती पाणी आहे हे नागरिकाला वर्तमानपत्रातून समजते.

शहागंजचा हौद

शहागंज ही जुन्या शहरातील मोठी बाजारपेठ. तेथील मशीद १७२० च्या सुमाराची. तिच्या लगतच्या हौदांना मलिक अंबरच्या नहरीचे पाणी येत असे. मुघल दरबारातील बलाढ्य सय्यद बंधूंपैकी हुसेन अली दख्खनचा सुभेदार असताना येथे मोठ्या हौदाचे काम सुरू झाले. पुढे ऐवज खानाने मशीद आणि भोवतालच्या इमारती वाढवल्या. मुघल इतिहासकार खाफी खान मात्र हौदाचे मूळ श्रेय हुसेन अलीलाच देतो, आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई झाली की या हौदामुळे रहिवाशांचे हाल कमी होतात, असे नोंदवतो. सुभेदाराने काय बांधले हे सांगताना लढाया आणि तह बाजूला ठेवून इतिहासकार एका हौदाची आठवण काढतो, यावरून त्या पाण्याची किंमत कळते.

असा हौद बाजाराच्या मध्यावर असण्याला अर्थ होता. माल घेऊन आलेली जनावरे, घागरी घेऊन येणाऱ्या बाया, पखालीतून घरोघर पाणी पोचवणारे भिस्ती, नमाजापूर्वी वजू करणारे लोक या सर्वांची सोय एकाच ठिकाणी होई. मुहर्रमच्या दिवसांत लावल्या जाणाऱ्या सबिली (मोफत पाणी-सरबत वाटण्याची ठिकाणे) आणि चैत्र-वैशाखात दुकानांपुढे रांजण मांडून घातलेल्या पाणपोया हीदेखील याच शहराची रीत, आणि ती अजून टिकून आहे.

पाणचक्की

नहरीचे पाणी आजही डोळ्यांनी पाहायचे असेल तर महमूद दरवाजाजवळ, खाम नदीच्या काठी असलेल्या पाणचक्कीत जावे. येथे सुफी संत बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे टप्प्याटप्प्याने ही वास्तू उभी राहिली; नहर व चक्कीच्या कामाशी तुर्कताज खान या सरदाराचे, तर लांबट हौद आणि कारंज्यांशी जमील बेग खानाचे नाव जोडले जाते. जटवाड्याच्या बाजूने आलेले पाणी खापरी नळांनी एका उंच भिंतीवर चढते आणि तिथून खाली कोसळते.

चक्कीची रचना साधी आहे. पडणारी धार खालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळते. चाकाचा उभा कणा वर दगडी जात्याच्या वरच्या तळीला जोडलेला आहे. चाक फिरले की तळी फिरते. दर्ग्यात उतरणारे फकीर, विद्यार्थी आणि मुसाफिर यांच्यासाठी येथे पीठ दळले जाई. बैल नाही, माणूस नाही, केवळ पाण्याच्या पडण्यावर.

हौद हा या वास्तूचा खरा चमत्कार. त्याचा तळ म्हणजेच खालच्या एका प्रशस्त दालनाचे छत. वर पाणी भरलेले असते आणि खाली मे महिन्यातही गारवा असतो. हौदातून ओसंडलेले पाणी खाम नदीत उतरते. म्हणजे तेच पाणी आधी दळते, मग कारंज्यातून खेळते, दालन थंड ठेवते आणि शेवटी नदीला मिळते. पाऊस कमी झालेल्या वर्षी उन्हाळ्यात ही धार रोडावते.

बागांतील कारंजी

बीबी का मकबऱ्याच्या चारबागेत (चार भागांत आखलेल्या बागेत) मधल्या वाटेवर कारंज्यांची लांबच लांब ओळ आहे. खुलताबादच्या बनी बेगम बागेतही हौद व कारंजी आहेत. ही शोभेची, खाजगी किंवा स्मारकाच्या आवारातील कारंजी असल्याने सार्वजनिक म्हणता येणार नाहीत, पण तंत्र तेच. नळदुर्ग किल्ल्यातील पाणी महाल हाही उतारावरून कोसळणाऱ्या पाण्याचाच खेळ. १६१३ मध्ये इब्राहिम आदिलशाहाच्या (दुसरा) काळात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात तो आहे, आणि पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी सुटले की खालच्या दालनात बसून ते पाहता येते.

जायकवाडीनंतर

विसाव्या शतकात शहर नहरींपासून दूर गेले. १९५० च्या दशकात हरसूल तलाव झाला, आणि पुढे पैठणजवळील जायकवाडी धरणाचा नाथसागर (उद्घाटन १९७६) शहराचा मुख्य आधार बनला. नाथसागराची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर उंचीवर वसले आहे. म्हणजे पूर्वी पाणी वरून स्वतःच्या वजनाने उतरत असे. आता ते शंभर मीटरहून अधिक उपसावे लागते. वीज गेली, पंप बिघडला किंवा जलवाहिनी फुटली की शहर थांबते. गेल्या काही वर्षांत अनेक वसाहतींना पाच ते आठ दिवसांआड पाणी मिळाले आहे. मोठी नवी पाणीपुरवठा योजना याच टंचाईमुळे हाती घ्यावी लागली.

चौकांतील कारंजी या परिस्थितीत उभी आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्ताने महिलांच्या डब्ल्यू-२० गटाची बैठक शहरात झाली, तेव्हा रस्ते, दुभाजक आणि चौक सजवण्यात आले आणि कारंज्यांनाही त्यात स्थान मिळाले. अशा कारंज्यात टाकीतलेच पाणी पंपाने पुन्हा पुन्हा फिरवले जाते, त्यामुळे वापर वाटतो तितका मोठा नसतो. तरी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. बाष्पीभवन आणि वाऱ्याने उडणारे तुषार यांमुळे टाकी सतत भरावी लागते. बोअरचे पाणी जड असल्याने तोट्यांच्या बारीक छिद्रांवर क्षार साचून पांढरी खपली धरते आणि धार वाकडी होते. चार-आठ दिवस पंप बंद राहिला की शेवाळ, मग डास. जाळीत अडकलेले गुटख्याचे पुडे आणि पाने दररोज काढणारा माणूस नेमला नाही, तर महागडे कारंजेही काही महिन्यांत कोरडा खड्डा होते. कारंजे बांधण्याच्या खर्चाबरोबर ते चालवण्याची तरतूद होत नसेल, तर ते बांधू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

नहरींची सद्यःस्थिती

नहरींचे मार्ग आज इमारती, रस्ते आणि गटारांच्या खाली गेले आहेत. खोदकामात खापरी नळ फुटतात, झाडांची मुळे भुयाराच्या चुन्याच्या भिंतींत शिरतात, काही विवरांत कचरा टाकला जातो. सर्वांत मोठा धोका मात्र वर, पाणलोटात आहे. ज्या थरातून नहरीत पाणी झिरपते, त्याच थरातून शेकडो बोअर पाणी उपसतात, आणि डोंगरउतारावर बांधकामे वाढल्याने पाऊस मुरण्याआधीच वाहून जातो. नहर साफ करणे शक्य आहे, तिच्या भिंती पुन्हा चुन्यात बांधता येतात. मुरणाऱ्या जमिनीला मात्र पर्याय नाही. हरसूल आणि जटवाड्याच्या उतारांवर समतल चर, झाडे आणि बांधकामबंदी हे तीन उपाय नहरींच्या दुरुस्तीआधी करावे लागतील.