संक्रांतीचा तीळ आणि साइनचा माथा

दर जानेवारीत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फतवे फिरतात: संक्रांत कशावर बसून आली, यंदा कोणत्या रंगाची साडी नेसायची नाही. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय. पण त्यांच्यासोबत येणारं एक वाक्य मला आवडतं, ‘आजपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो.’ यातलं ‘आजपासून’ चूक, ‘तिळातिळाने’ मात्र अगदी नेमकं.

नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला सर्वांत लहान दिवस 22 डिसेंबरच्या सुमारास, साधारण 10 तास 55 मिनिटांचा. सर्वांत मोठा 21 जूनच्या आसपास, 13 तास 20 मिनिटांचा. म्हणजे संक्रांतीपर्यंत दिवस वाढायला लागून तीन आठवड्यांवर, साधारण 24 दिवस, उलटलेले असतात. वाढतो किती? जेमतेम सात मिनिटं. तेवढेच 24 दिवस मार्चच्या विषुवदिनाच्या अल्याडपल्याड मोजा, वाढ अर्ध्या तासाच्या जवळ जाते.

वर्षभराची दिनमानं आलेख कागदावर मांडली की, दोन-चार मिनिटं इकडेतिकडे सोडली तर, साइनचा वक्र मिळतो, म्हणजे त्रिकोणमितीतली ती लाटेसारखी वरखाली जाणारी रेघ. मध्यरेषा 12 तास 8 मिनिटांवर, तिच्या वरखाली 72-73 मिनिटं, आवर्तन एका वर्षाचं.

माझी अकरावीतली भाची हा वक्र काढते तेव्हा माथा पांडवलेण्याच्या डोंगरासारखा टोकदार येतो. 0, 90, 180, 270, 360 अंशांचे (एक आवर्तन म्हणजे 360 अंश) पाच बिंदू अचूक, आणि पुढे सरळ पट्टी! मी तिला 30 आणि 60 अंशही घ्यायला लावले. उंची 10 सेंटिमीटर धरली तर पहिल्या 30 अंशांत वक्र 5 सेंटिमीटर चढतो, पुढच्या 30 मध्ये 3.7, शेवटच्या 30 मध्ये फक्त 1.3. माथ्याशी चढ संपतोच. तिथे टोक येणार कुठून?

आर्यभटांनी पाचव्या शतकाच्या अखेरीस साइनची (त्यांचा शब्द ‘ज्या’) जी सारणी दिली, तिच्यात थेट किमती नाहीत, फरक आहेत. काटकोनाचे 24 भाग, प्रत्येक पावणेचार अंशांचा. पहिल्या पायरीला ही ‘ज्या’ 225 ने वाढते, मग 224, 222, 219… आणि शेवटच्या तीन पायऱ्या 37, 22, 7. सगळ्यांची बेरीज 3438, म्हणजे त्यांनी धरलेली वर्तुळाची त्रिज्या. रामकुंडाच्या पायऱ्या अशा बांधल्या असत्या तर सर्वांत खालची गुडघाभर आणि सर्वांत वरची नखाएवढी झाली असती.

आता या फरकांचे फरक घ्या. 225 वरून 224, घट 1 ची; मग 2, मग 3; शेवटी 22 वरून 7, घट 15 ची. ही घट त्या त्या ठिकाणच्या ज्येच्याच प्रमाणात असते. वक्र मध्यरेषेपासून जितका दूर, तितकी त्याच्या चढाला मोठी कात्री. साइनचं सगळं वळण या एका नियमात आहे (कलनशास्त्रात चढाला पहिलं अवकलज म्हणतात आणि चढातल्या बदलाला दुसरं; साइनचं पहिलं अवकलज कोसाइन, दुसरं उणे साइन).

भाचीने भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं. त्यातल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा मुंबईच्या, पण अक्षांशात फरक एका अंशाचाच. दर आठवड्याला एक बिंदू. मार्चमध्ये तिची पेन्सिल भराभर वर चढली, मेमध्ये रेंगाळली.

“मामा, जूनमध्ये तर पट्टीच चालेल,” ती म्हणाली. “आडवी.”