ग्लोब व्हॉल्व्ह ‘पास’ का होतो?

घरातला जुना पितळी नळ ठिबकायला लागला की आपण वायसर बदलतो. तो नळ कधी खोलून बघितला असेल तर आठवेल, आत एक गोल भोक असतं, वरून आट्यांवर खाली येणारा दट्ट्या असतो आणि दट्ट्याच्या तोंडाला ते रबरी वायसर. चावी फिरवली की दट्ट्या भोकावर बसतो आणि पाणी बंद. हा नळ म्हणजे छोटा ग्लोब व्हॉल्व्हच. साखर कारखान्यात, डेअरीत, केमिकल प्लँटमध्ये स्टीम लाईनवर जे मोठ्या चाकाचे व्हॉल्व्ह दिसतात त्यांच्या पोटात हेच असतं, फक्त रबराच्या जागी स्टीलची डिस्क, भोकाच्या काठावर म्हणजे सीटवर स्टेलाईटसारख्या कडक धातूचा थर, आणि पाण्याच्या जागी १८० डिग्रीच्या वरची वाफ.

मी साखर कारखान्यांच्या मेंटेनन्समध्ये बरीच वर्षं काढली आणि सीझनमध्ये सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार म्हणजे “साहेब, व्हॉल्व्ह पास होतोय”. पास होणं म्हणजे चाक पूर्ण बंद आहे तरी पलीकडे वाफ जातेच आहे. माझं ठाम मत आहे की यातले बहुतेक व्हॉल्व्ह जुने झाले म्हणून पास होत नाहीत, ते बसवतानाच बिघडवलेले असतात.

आधी पोटातला रस्ता समजून घ्या. गेट व्हॉल्व्हमध्ये पातं वर उचललं की पाणी सरळ जातं. ग्लोबमध्ये मधे एक आडवी भिंत असते, भिंतीत भोक, म्हणजे वाफेला आधी वळायचं, मग भोकातून वर चढायचं, मग परत वळून बाहेर पडायचं. या वळणांची किंमत प्रेशरमध्ये मोजावी लागते, १०० एमएमचा साधा ग्लोब व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला तरी तो साधारण ३४ मीटर सरळ पाईपएवढा अडथळा करतो, त्याच साईजचा गेट व्हॉल्व्ह जेमतेम एक मीटर. मग ग्लोब वापरायचाच कशाला? कारण प्रवाह कमीजास्त करायचा असेल तर गेट कामाचा नाही, अर्धवट उघडं पातं वाफेत थरथरतं आणि त्याची धार झिजते. ग्लोबची डिस्क मात्र सीटच्या बरोबर समोरून सगळीकडून सारखी वर उठते, आणि भोकाच्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाएवढी उठली की पुरे, १०० एमएमला २५ एमएम. डिस्कच्या कडेने जी गोल फट तयार होते तिचं क्षेत्रफळ तेवढ्यातच भोकाएवढं होतं. कागदावर मांडून बघा, दोन ओळींचं गणित आहे.

आता बाण. ग्लोब व्हॉल्व्हच्या बॉडीवर वाफेची दिशा दाखवणारा बाण ओतलेला असतो आणि तो बघायचाच. नेहमीच्या व्हॉल्व्हमध्ये वाफ डिस्कच्या खालून येते, त्यामुळे व्हॉल्व्ह बंद असताना वरचा भाग, म्हणजे स्पिंडलभोवतीचं (चाकाच्या दांडीभोवतीचं) गळती रोखणारं ग्लँड पॅकिंग, प्रेशरखाली राहत नाही. पण खालून येणारी वाफ डिस्कला वर ढकलते, आणि किती ते बघा: १०० एमएम भोकाचं क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस सेंटीमीटर, प्रेशर चौरस सेंटीमीटरला १० किलो, म्हणजे जवळजवळ ७८५ किलोचा रेटा. ४५ किलोच्या बॉयलर लाईनवर तोच साडेतीन टन होतो. म्हणून मोठ्या साईजमध्ये आणि जास्त प्रेशरला काही व्हॉल्व्ह मुद्दाम उलटे, म्हणजे वाफ वरून येईल असे बनवतात, तिथे प्रेशरच डिस्कला दाबून धरतं. त्यामुळे “ग्लोब आहे ना, मग वाफ खालून” असं पाठांतर करून चालत नाही.

एका ऑफ सीझनची गोष्ट सांगतो. १०० एमएमचा एक व्हॉल्व्ह अख्खा सीझनभर पास होत होता आणि प्रत्येक शिफ्टने त्याच्या चाकात पाईप घालून तो आणखी आवळला होता. बॉनेट, म्हणजे व्हॉल्व्हचं वरचं झाकण उघडलं, सीट पुसली, टॉर्च मारला. सीटच्या काठावर ज्वारीच्या दाण्याएवढा एक खड्डा होता आणि त्या खड्ड्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत दोऱ्याएवढी एक चीर, आतून अगदी गुळगुळीत, चकचकीत. बाकी सगळी सीट नव्यासारखी. खड्डा पडला होता वेल्डिंगच्या गोळ्यामुळे, लाईन जोडताना पाईपात राहिलेला एक छोटा कण वाफेबरोबर येऊन सीटवर बसला, वरून कुणीतरी पाईप लावून डिस्क दाबली आणि कण धातूत रुतला. पुढचं काम वाफेने केलं. बारीक फटीतून प्रेशरची वाफ प्रचंड वेगाने सुटते, सोबत पाण्याचे थेंब असतात, आणि ती कडक धातूसुद्धा करवतीसारखी कापत जाते. जितकी चीर मोठी तितकी वाफ जास्त, आणि जितकी वाफ जास्त तितकी चीर मोठी.

हे सगळं टाळायला लागला असता अर्धा तास. व्हॉल्व्ह बसवायच्या आधी लाईन जोरात फुंकून घ्यायची, फ्लँजवरची, म्हणजे व्हॉल्व्हच्या तोंडाच्या बोल्टवाल्या चकत्यांवरची प्लास्टिकची झाकणं शेवटच्या क्षणापर्यंत काढायची नाहीत, आणि पहिल्यांदा बंद करताना नीट बसत नाहीये असं हाताला जाणवलं तर आवळायचं नाही, उलट थोडा उघडायचा, वाफेला कचरा वाहून नेऊ द्यायचा आणि मग परत बंद करायचा. पाईपाला वेल्ड करून बसवायचा व्हॉल्व्ह असेल तर वेल्डिंग चालू असताना डिस्क सीटवरून उचललेली ठेवायची, नाहीतर उष्णतेने स्पिंडल लांबतो आणि दाबलेली सीट दुखावते. फ्लँजचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. दोन पाईप एका रेषेत नसतील तर बोल्टने ओढून आणायचे नाहीत, तो ताण व्हॉल्व्हची बॉडी जन्मभर सोसत राहते. उचलताना दोर चाकातून घालू नका, स्पिंडल वाकतो. बॉयलरच्या लाईनवर बसवायचा असेल तर सोबत आयबीआरचं, म्हणजे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सचं थ्री-सी सर्टिफिकेट आलंय का ते स्टोअरमध्येच बघा.

स्टीम लाईन आडवी असेल तर एक गोष्ट फार लोक विसरतात. चाक वर ठेवून व्हॉल्व्ह बसवला की ती आतली भिंत धरणासारखी काम करते, वाफेचं थंड होऊन पाणी झालं की ते भिंतीअलीकडे साचतं. व्हॉल्व्ह आडवा पाडला, म्हणजे स्पिंडल जमिनीला समांतर ठेवला, तर पाणी बाजूने निघून जातं. साचलेलं पाणी का घातक? लाईनमध्ये वाफ सेकंदाला २५ ते ४० मीटरने धावते, म्हणजे ताशी ९० ते १४५ किलोमीटरने, आणि ती समोरचं पाणी गोळा करून तोफगोळ्यासारखं पुढच्या बेंडवर नेऊन आदळते. यालाच वॉटर हॅमर म्हणतात. एका कारखान्यात क्लीनिंगनंतर सकाळी लाईन चालू करताना ड्रेन न उघडता व्हॉल्व्ह घाईने उघडला गेला तेव्हा मी तिथे होतो. आधी दोन-तीन ठोके, मग असा धडाका की पाईपाचे सपोर्ट हलले आणि एका व्हॉल्व्हच्या बॉनेटचं गॅस्केट फुटलं. जवळ कुणी नव्हतं म्हणून निभावलं. तो आवाज मी विसरलेलो नाही. आधी ड्रेन उघडा, व्हॉल्व्ह किंचित सोडा, लाईन गरम होऊ द्या, ड्रेनमधून पाणी जाऊन कोरडी वाफ यायला लागली की मगच चाक फिरवा, पंधरा मिनिटं लागली तर लागू देत.

पॅकिंगचं थोडक्यात. पूर्वी ॲस्बेस्टॉसची रोप भरायचे, आता ग्राफाईट. जुनी रिंग हुकाने पूर्ण काढायची, अर्धी आत ठेवून वर नवी भरली की महिन्याभरात परत गळणार. रिंगा तिरक्या कापायच्या, एकीचा जोड दुसरीच्या जोडावर येऊ द्यायचा नाही, आणि ग्लँडचे दोन्ही नट सारखे आवळायचे. हे करताना लाईन वेगळी केलेली, कुलूप लावलेली, प्रेशर शून्य आणि गार हवी. गळणाऱ्या ग्लँडजवळ हात नेऊ नका, पांढरं दिसतं ते पाण्याचे थेंब, खरी वाफ त्याच्या अलीकडे भोकापाशी असते आणि ती दिसत नाही.

त्या चीर पडलेल्या सीटवर आम्ही तीन दिवस काम केलं. आधी मशीनवर चीर जाईपर्यंत सीटचं तोंड छिलून घेतलं, मग लॅपिंग पेस्ट (घासून गुळगुळीत करायची पेस्ट) लावून डिस्क सीटवर हाताने फिरवली, थोडं इकडे थोडं तिकडे, मधेच उचलून जागा बदलायची, म्हणजे एकाच जागी खोल जात नाही. मग पुसून डिस्कला निळ्या रंगाचा पातळ हात दिला, सीटवर टेकवली आणि उचलली, म्हणजे कुठे टेकते ते सीटवर छापून दिसतं. पहिल्या वेळी निळं वर्तुळ दोन ठिकाणी तुटलेलं होतं. परत पेस्ट, परत पुसणं, परत निळा. तिसऱ्या दिवशी दुपारी सीटवर केसाएवढी, पण कुठेही न तुटलेली निळी रेघ आली, बरोबरचा फिटर काही न बोलता तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्याने बॉनेटचं नवं गॅस्केट उचललं.