न्यूरोसर्जरीत एम.सीएच.: पात्रता, अर्ज, कागदपत्रे आणि पुढचा पगार

भारतात न्यूरोसर्जन होण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, एम.एस. किंवा डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एम.एस.च्या तोडीची पदवी) जनरल सर्जरी करून ३ वर्षांचे एम.सीएच. किंवा डीआरएनबी, म्हणजे सुपरस्पेशालिटीच्या पदव्या. दुसरा, एमबीबीएसनंतर थेट ६ वर्षांचा अभ्यासक्रम. थेट मार्गाने वेळ वाचतो असे अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात दोन्हीकडे ६ वर्षेच जातात. वाचते ती फक्त दुसरी प्रवेश परीक्षा. आणि मध्येच मन बदलले, तर थेट मार्गावर जनरल सर्जरीची पदवी हाती नसते. म्हणून इंटर्नशिपमध्ये न्यूरोसर्जरीचे ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि रात्रीच्या इमर्जन्सी जवळून पाहिल्या असतील, तरच थेट मार्ग घ्यावा असे मला ठामपणे वाटते.

थेट डीआरएनबीच्या जागा नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून भरतात. एम्स दिल्ली, निम्हान्स अशा संस्थांतल्या थेट जागांसाठी आयएनआय-सीईटी ही या संस्थांची वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जनरल सर्जरीनंतर येणाऱ्यांसाठी एनबीईएमएस (राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळ) नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटी प्रवेश परीक्षा घेते आणि प्रवेशफेऱ्या एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) चालवते. एम्स, पीजीआय चंदीगड, जिपमर आणि निम्हान्स यांची आयएनआय-एसएस वेगळी असते, म्हणजे अर्जही वेगळा. आधीच एखाद्या सुपरस्पेशालिटी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला असेल, तर त्याचा ठरलेला कालावधी संपेपर्यंत नीट-एसएस देता येत नाही, मध्येच सोडला तरी. कॉलेजांची पसंती भरताना हा नियम डोळ्यांसमोर ठेवा.

ऑनलाइन अर्जात फोटो, सही आणि अंगठ्याचा ठसा ठरवून दिलेल्या मापातच अपलोड करा. प्रवेशफेरीच्या नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आणि २ लाख रुपये परतावा मिळणारी अनामत लागते. परतावा पैसे भरलेल्या खात्यातच येतो, तेव्हा खाते घरच्यांचे किंवा स्वतःचे असू द्या. रुजू होताना प्रवेशपत्र, गुणपत्र, जागावाटपाचे पत्र, एमबीबीएस आणि एम.एस.ची मूळ प्रमाणपत्रे, मेडिकल कौन्सिलची नोंदणी, जन्मतारखेसाठी दहावीचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र लागते. सरकारी नोकरीत असाल तर ना-हरकत प्रमाणपत्रासाठी लवकर अर्ज करा. पदव्युत्तर पदवीची कौन्सिलमधली नोंद निकालानंतर लगेच करून घ्या, ती शेवटच्या आठवड्यात होत नाही. बाँडच्या, म्हणजे पदवीनंतर सक्तीची सेवा किंवा दंड यांच्या अटी कॉलेजागणिक आणि राज्यागणिक बदलतात. पसंती लॉक करण्यापूर्वी त्या वाचाच.

आता पगार. केंद्रीय संस्थांत सीनियर रेसिडेंटचे मूळ वेतन ६७,७०० रुपयांपासून सुरू होते. एम्समध्ये सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन १,०१,५०० पासून, तर प्राध्यापकाचे १,६८,९०० पासून. त्यावर महागाई भत्ता आणि एनपीए (खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा भत्ता). तुम्ही मणक्याचे काम करता की कवटीच्या तळाचे, याने या आकड्यांत फरक पडत नाही.

खासगीत मात्र पडतो. तिथे करार ठरावीक पगाराचा, मिनिमम गॅरंटीचा किंवा शस्त्रक्रियेमागे वाट्याचा असतो. मणक्याचे रुग्ण सगळीकडे असतात, त्यामुळे स्पाइन करणाऱ्याचा जम मध्यम शहरातही बसतो. पार्किन्सनसाठी डीबीएस (मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया) किंवा अपस्माराच्या शस्त्रक्रियांचे तसे नाही: सोबत त्यात मुरलेला न्यूरोलॉजिस्ट, प्रोग्रामिंग करणारी टीम आणि महागडी यंत्रसामग्री हवी, म्हणून अशी केंद्रे मोजकीच. हे काम आवडत असेल तर आधी केंद्र शोधा, मग फेलोशिप.

एनबीईएमएसची स्पाइन सर्जरीतली एफएनबी फेलोशिप न्यूरोसर्जन आणि ऑर्थोपेडिक सर्जन दोघांनाही खुली आहे. तिची प्रवेश परीक्षा एफईटी (फेलोशिप एंट्रन्स टेस्ट), आणि तिचा अर्ज पुन्हा स्वतंत्र भरावा लागतो.