नळाची धार आणि टाकीतली पातळी

'२४ तासांत १ कोटी व्ह्यूज, म्हणजे १ कोटी लोकांनी गाणं ऐकलं!' सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाचलं आणि राहवेना. अहो, एकाच माणसाने पन्नासदा ऐकलं असेल तर? ऐकणारे किती आणि ऐकणं किती, यातला घोळ निस्तरताना ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीला बऱ्याच कसरती कराव्या लागल्या आहेत.

तिथली पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ ची. एका संगीत साप्ताहिकाने वीसेक दुकानांना फोन करून 'काय खपलं?' विचारलं आणि बेरीज मारली. आज ही यादी काढणारी कंपनी रेकॉर्ड कंपन्यांची संघटना बीपीआय आणि विक्रेत्यांची संघटना यांच्या सामाईक मालकीची आहे.

आता गंमत बघा. रेकॉर्ड माणूस एकदाच विकत घेतो, म्हणून विक्री मोजणं म्हणजे नळातून या आठवड्यात किती पाणी आलं ते मोजणं. स्ट्रीमिंग, म्हणजे विकत न घेता इंटरनेटवरून हवं तेव्हा ऐकणं, मोजणं म्हणजे टाकीतली पातळी मोजणं. नळ बंद झाला तरी टाकी लगेच रिकामी होत नाही! समजा, हजार जणांना गाणं आवडलं. विक्रीच्या हिशेबात पहिल्या आठवड्यात १०००, मग शून्य. तेच हजार जण पहिल्या आठवड्यात २०-२० वेळा ऐकतात आणि दर आठवड्याला ऐकणं १५ टक्क्यांनी घटतं असं धरा: २०,०००, १७,०००, १४,४५०, १२,२८३... किरणोत्सारी पदार्थासारखा हा घातांकी क्षय. अर्धायुष्य, म्हणजे ऐकणं निम्म्यावर यायला लागणारा काळ, चार आठवड्यांहून थोडं जास्त. नवा श्रोता एकही नाही, तरी गाणं यादीत ठाण मांडून!

२०१४ मध्ये १०० वेळा ऐकणं म्हणजे १ विक्री असा दर ठरला आणि यादी हळूहळू गोठू लागली. मार्च २०१७ मध्ये तर गायक एड शीरनच्या एकाच अल्बमची १६ गाणी पहिल्या विसात होती. त्याच वर्षी जुलैत नियम बदलले. एका मुख्य गायकाची तीनच गाणी घ्यायची, आणि काही आठवडे यादीत राहिलेलं गाणं सलग तीन आठवडे घसरलं की त्याचं ऐकणं निम्म्याच भावाने मोजायचं. थोडक्यात, टाकीला मुद्दाम पाडलेलं भोक. २०१८ पासून पैसे भरून ऐकणाऱ्यांसाठी दर १०० ला १, फुकट ऐकणाऱ्यांसाठी ६०० ला १. घसरणाऱ्या गाण्याला २०० आणि १२००. आपल्या उदाहरणात शंभराच्या दराने तिसऱ्या आठवड्यात १४४ विक्री भरतात, चौथ्यातच भोक पडलं असं धरलं तर थेट ६१.

(आपल्याकडे अंकज्योतिषाच्या नादाने सिनेमाच्या नावात एखादं अक्षर वाढवून हिट व्हायची वाट बघतात. त्यापेक्षा हा भागाकार शिकलेला बरा.)

आपली आयएमआय ही भारतातल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना १९३६ ची. तिने यादी सुरू केली जून २०२१ मध्ये, तीही परदेशी २० गाण्यांची, स्ट्रीमिंगवर बेतलेली. म्हणजे नळ नाहीच, नुसती टाकी.

जुन्या गाण्याचा नळ पुन्हा सुटला तर? ब्रिटिश गायिका केट बुशचं १९८५ चं एक गाणं २०२२ मध्ये एका मालिकेत वाजलं आणि नव्या पिढीने उचलून धरलं. जुनं गाणं म्हणून मोजणी मात्र निम्म्याच भावाने चालली होती. यादीवाल्यांनी भाव पूर्ववत केला आणि १७ जूनला ते पहिल्या क्रमांकावर आलं, तब्बल ३७ वर्षांनी.