पत्र्याचा डबा आणि ‘स्थिरचित्र’ या शब्दाचा घोळ

जळगाव-धुळ्याकडे वस्तूंच्या फोटोंविषयी बोलताना ‘स्थिरचित्र’ या शब्दाशी गाडी अडते. ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षा दिलेल्यांना एलिमेंटरीचं वस्तुचित्र आणि इंटरमीजिएटचं स्थिरचित्र आठवतं. सिनेमाच्या श्रेयनामावलीत मात्र ‘स्थिरचित्रण’ म्हणजे शूटिंगच्या वेळी काढलेले फोटो. फ्रेंचांनी तर मांडलेल्या वस्तूंच्या चित्राला ‘मृत निसर्ग’ म्हटलं. बादलीत आणि साबणाच्या वडीत निसर्ग कुठला? स्थिरचित्रात मांडणी मोठी, वस्तुचित्रात वस्तू. कारखान्यातून हजारोंनी निघणाऱ्या वस्तूच्या फोटोला ‘वस्तुचित्र’च म्हणावं, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीला वस्तू निवडल्या गेल्या त्या सोयीपोटी. एक्स्पोजरला, म्हणजे कॅमेऱ्यात पुरेसा उजेड घ्यायला, मिनिटं लागायची आणि वस्तू हलत नाहीत. १८४४ साली इंग्लंडमध्ये फळ्यांवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचा फोटो प्रसिद्ध झाला, तो चोरी झाल्यास कोर्टात पुरावा ठरू शकेल अशा टिपणासह.

खरा वाद पेटला तो १९२८ नंतर. एका जर्मन छायाचित्रकाराला आपल्या शंभर फोटोंच्या पुस्तकाला ‘वस्तू’ एवढंच नाव हवं होतं. प्रकाशकाने जगाच्या सौंदर्याची ग्वाही देणारं नाव लावलं. १९३१ मध्ये एका समीक्षकाने नेमकं तेच नाव धरून झोडपलं: असली फोटोग्राफी पत्र्याच्या डब्यालाही ब्रह्मांडाएवढं मोठेपण देईल, पण तो डबा माणसांच्या कुठल्या व्यवहारात आहे ते तिला कळणार नाही. टीका कठोर होती, पण नाव बदलणाऱ्यांनीच ती ओढवून घेतली.

डबा म्हटलं की खानदेशात अमळनेर आठवतं. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा उद्योग उभा राहिला, त्याला जोडून कपडे धुण्याचा साबणही निघाला. तेला-तुपाचा पंधरा किलोचा डबा रिकामा झाला तरी घरातून जात नाही. आमच्या घरच्या डब्याचा वरचा पत्रा कापून त्याला बिजागरीचं झाकण बसवलंय, आत कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ असतं. उन्हात फोटो काढायला गेलं की पत्र्यावर पांढरा चट्टा उठतो. ऊन आणि डब्याच्या मध्ये धोतराचं पातळ कापड धरलं की खालच्या कोपऱ्यातला पोचा आणि कडीजवळ बोटांनी घासून गुळगुळीत झालेली जागा दिसू लागते.

आता जळगावच्या एमआयडीसीतल्या प्लास्टिकच्या चटयांचे फोटोही पांढऱ्या पडद्यावर मोबाइलने निघतात. कॅटलॉगला ते लागतातच. माझी नजर मात्र ओट्यावर अंथरलेल्या, कडेची पट्टी उसवून पुन्हा हाताने शिवलेल्या चटईवर असते.