एसजीपीटी ६८, आणि उजवीकडे जरा दुखतंय

'फुल बॉडी चेकअप'वाले आता इंदुरात सकाळी घरी येऊन रक्त घेऊन जातात आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो. त्यामुळे तो आधी घरात वाचला जातो आणि मग डॉक्टरकडे. समजा, रामबागेतल्या एका ४६ वर्षांच्या गृहस्थांचं लिव्हरच्या तपासणीतलं एसजीपीटी ६८ आलं, ठळक अक्षरांत आणि शेजारी वर जाणारा बाण. योगायोगाने काही दिवसांपासून उजव्या बरगडीखाली त्यांना जड-जड वाटतंय. झालं! लिव्हर बिघडलं म्हणून दुखतंय, असं म्हणून घरचे या दोन गोष्टींचं लग्न लावून मोकळे होतात. हे स्थळ कधीकधी जुळतंही, पण पत्रिका सहसा कुणी पाहिलेली नसते.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आत काम करणारी एन्झाइम्स. पेशी दुखावल्या की ती जास्त प्रमाणात रक्तात येतात. म्हणजे या आकड्यांवरून इजा होते आहे का, एवढंच समजतं. लिव्हर काम किती करतंय हे कळायला अल्ब्युमिन (लिव्हरने बनवलेलं प्रथिन), बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं रंगद्रव्य) आणि रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर चाचणी बघावी लागते, आणि नेमकी ही शेवटची चाचणी पॅकेजात बहुधा नसते. सिरोसिस, म्हणजे लिव्हर वणांनी कडक झालेल्या माणसाचं एसजीपीटी अगदी नॉर्मल येऊ शकतं. उलट साध्या हिपॅटायटिस 'ए'मध्ये ते हजाराच्या वर जातं आणि तरीही बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, हा हिशेब इथे चालत नाही.

एसजीओटी तर फक्त लिव्हरचं नाहीच. १९५४ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी ते रक्तात वाढलेलं दाखवलं ते हार्ट अटॅक आलेल्या रुग्णांमध्ये, आणि नंतर बरीच वर्षं ते हृदयाची चाचणी म्हणून वापरलं गेलं. ते स्नायूंतही भरपूर असतं. सवय नसताना जिममध्ये वजनं उचलली तर एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही आठवडाभर वाढलेली राहू शकतात. अशा वेळी सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम तपासलं की चोर सापडतो.

शिवाय 'नॉर्मल'ची रेघ निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के बसतील अशी आखलेली असते. म्हणजे धडधाकट माणसांपैकीही काही रेघेबाहेर राहणारच. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दहा चाचण्या केल्या, तर निदान एक तरी रेघेबाहेर जाण्याची शक्यता ४० टक्के! दुसरीकडे, बऱ्याच लॅब एसजीपीटीची वरची मर्यादा ४०-५०च्या घरात छापतात, तर अमेरिकी तज्ज्ञांच्या २०१७च्या मार्गदर्शनात ती पुरुषांसाठी ३३ आणि बायकांसाठी २५ धरली आहे. बाण नाही म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही.

डॉक्टर एक आकडा बघत नाहीत, जोड्या बघतात. एसजीपीटी-एसजीओटी वाढलेली आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्तनलिका आणि हाडांतलं एन्झाइम) ठीक असेल, तर त्रास बहुधा लिव्हरच्या पेशींना आहे. फॉस्फेटेज आणि जीजीटी (पित्तनलिकेशी संबंधित आणखी एक एन्झाइम) दोन्ही वाढली, तर संशय पित्तनलिकेवर. नुसतं फॉस्फेटेज वाढलं, तर ते हाडांतून किंवा गरोदरपणात वारेतून आलेलं असू शकतं. वाढत्या वयाची मुलं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, गरोदरपणाचे शेवटचे महिने, यांत हे दिसू शकतं. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल, तर डॉक्टर दारूबद्दल विचारतात. तिथे खरं सांगावं. आणि एकादशीच्या उपासानंतर नुसतं बिलिरुबिन जरा वाढलं असेल, तर ती बहुधा गिल्बर्ट नावाची निरुपद्रवी जन्मजात ठेवण असते.

आता आपल्या गृहस्थांची पत्रिका मांडू. एसजीओटी ४४, बिलिरुबिन आणि फॉस्फेटेज नॉर्मल, प्लेटलेट २ लाख ६० हजार, पोट थोडं सुटलेलं, साखर सीमेवर. हे चित्र फॅटी लिव्हरचं, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठल्याचं. पण खरा प्रश्न चरबीचा नाही, आत व्रण (जखमेचे वण) पडू लागलेत का, हा आहे. त्यासाठी 'फिब-४' नावाचं घरबसल्या करता येणारं गणित आहे : वय गुणिले एसजीओटी, त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. उत्तर आलं ०.९४. १.३च्या खाली असलं की मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. हीच एन्झाइम्स ५८ वर्षांच्या माणसाची असती आणि प्लेटलेट १ लाख ३० हजार, तर उत्तर २.३८ आलं असतं आणि फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय हे मोजणारी तपासणी) करायला सांगितलं असतं. ज्या प्लेटलेटकडे घरात कुणी बघितलंही नाही, त्यांनीच चित्र पालटलं.

राहिलं दुखणं. लिव्हरच्या आत वेदना जाणणाऱ्या नसा जवळजवळ नसतात, त्या असतात बाहेरच्या आवरणात. लिव्हर फुगून आवरण ताणलं गेलं की बोथट, जड दुखतं. फॅटी लिव्हरमध्ये काहींना असं होतं, पण बहुतेकांना काहीच जाणवत नाही. सकाळी पोहे-जिलेबी, मधल्या वेळी सेव आणि रात्री अकराला सराफ्यात जिरावण मसाला भुरभुरलेले गराडू (तळलेला कंद), हा बेत असेल तर आधी आम्लपित्ताला विचारावं. दिवसभर थोडंथोडं दुखणारं आणि ढेकर आली की हलकं होणारं पोट सहसा लिव्हरचं नसतं.

पित्ताशयातल्या खड्याची तऱ्हा वेगळी. तेलकट जेवणानंतर तासा-दोन तासांनी कळ येते, चढत जाते, अर्धा तास ते काही तास टिकते, उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाते आणि मग ओसरते. खडा पित्तनलिकेत अडकला, तर काही तासांत एसजीपीटी शेकड्यांत जातं आणि खडा सुटला की दोन-चार दिवसांत उतरतं. इथे मात्र दुखणं आणि आकडा यांचं खरंच जुळतं. म्हणून कळ कधी आली आणि रक्त कधी दिलं, हे डॉक्टरला नक्की सांगावं.

थोडीशीच वाढ असेल तर काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात. मधल्या काळात दारू बंद, आणि चाचणीआधी आठवडाभर जड व्यायाम नको. सोबत हिपॅटायटिस 'बी' आणि 'सी', साखर, चरबी आणि सोनोग्राफी. फॅटी लिव्हरच निघालं, तर सात ते दहा टक्के वजन उतरवल्याने सूजही कमी होते. 'लिव्हर टॉनिक'वर पैसे घालवण्यापेक्षा मला हे पटतं.

गोळ्यांची यादी नेताना काढे आणि चूर्णं वगळू नयेत. कोविडकाळात गुळवेल घेणाऱ्या काही जणांना यकृतदाह झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यांवर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, डॉक्टरला माहीत असलेलं बरं. टीबीच्या गोळ्या मात्र मनाने बंद करायच्या नाहीत. त्या घेताना मळमळ होऊ लागली किंवा डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी दाखवायचं.

डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी, काळी शौच, रक्ताची उलटी, पोटात पाणी, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या चाचणीची वाट बघायची नाही. उजवीकडे कळ, थंडी वाजून ताप आणि कावीळ एकत्र आली, तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग असू शकतो, आणि मग रात्रीचे दोन वाजले असले तरी इस्पितळ गाठायचं.